‘भरती’ खेळणारे हात

दिगंबर मयेकरला ज्या दिवशी क्रेनवरून उतरवलं, त्या दिवशी त्याच्या हातून एकही चूक झालेली नव्हती. सकाळच्या पाळीत त्याने एक अख्खं जहाज जवळजवळ रिकामं केलं होतं. जहाज खाडीपलीकडच्या बंदरात होतं आणि दिगंबर इकडे रत्नागिरीत, एमआयडीसीतल्या एका थंडगार हॉलमध्ये. समोर भिंतभर पडदा, हातात दोन अंगठ्यांनी चालवायचा कंट्रोलर. उंच शिडी चढून क्रेनच्या खोपटात बसायचे दिवस संपले होते. कोस्टलिफ्ट कंपनीने बंदराच्या सगळ्या क्रेनचा ताबा या हॉलमध्ये आणला होता, आणि त्या चालवायला गेम खेळून हात तयार झालेली माणसं, अर्जावर खेळातलं नाव मागवून, निवडून घेतली होती. दिगंबर त्यातला पहिला होता.

जेवणाच्या सुट्टीत त्याला वर बोलावलं. टेबलामागच्या मुलीने सांगितलं, “सर, उद्यापासून तुम्ही गेटवर. येणाऱ्या ट्रकच्या नोंदी करायच्या.”

“का? काय केलं मी?”

“काही नाही, सर. सिस्टिमने बदल सुचवलाय.”

“मग सिस्टिमला विचारून सांग, का ते.”

मुलगी नवी होती. तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. वर त्याचा फोटो होता. खाली लिहिलं होतं : हस्तजोखीम – उच्च. संभाव्य कारण – कंपवाताची पूर्वावस्था. आधार – ‘भरती’ या खेळातील सार्वजनिक फेऱ्या.

दिगंबरने ते दोनदा वाचलं. “कंपवात म्हणजे हात थरथरतात तो?”

“मला नाही सांगता येणार, सर. तुम्ही डॉक्टरांना विचारा.”

आपल्याला कसला आजार होऊ घातलाय, हे बेचाळीस वर्षांच्या माणसाला कळलं ते असं. कंपनीला आधी कळलं, विमावाल्याला कळलं, गेटवरच्या कामाचं वेळापत्रक लावणाऱ्यालाही कळलं. त्याला शेवटी कळलं, तेही एका घाबरलेल्या मुलीने स्क्रीन वळवली म्हणून.

तिथून तो घरी गेला नाही. तडक माळनाक्याला बहिणीच्या दुकानात गेला.

संपदा तेव्हा एका मुठीचं बटण बदलत होती. ‘मूठ’ हा हातात मावणारा गेम कन्सोल. त्याचे नकाशे सगळ्यांना मोकळे होते, सर्किट कोणालाही बनवून घेता येई, आणि आपण लिहिलेला खेळ त्यात टाकायला कोणा कंपनीची परवानगी लागत नसे. संपदा मुठी जुळवून विकायची, बिघडलेल्या दुरुस्त करायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचे खेळ लिहायची. दिगंबरने त्या स्क्रीनचा फोटो काढून आणला होता. त्याने फोन टेबलावर आपटला.

“वाच.”

तिने वाचलं. तिचा चेहरा उतरला.

“‘भरती’ तुझाच ना?”

“दादा, हे मला...”

“तुझाच ना, सपे? हो की नाही सांग.”

“हो.”

“माझे हात विकलेस तू.”

“मी नाही विकले, दादा. एक पैसा घेतला नाही मी कोणाकडून.”

“मग फुकट दिलेस,” दिगंबर म्हणाला. “त्याहून वाईट.” आणि तो निघून गेला.

‘भरती’ हा संपदाने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला लिहिलेला खेळ. खाडीच्या तोंडाशी जाळं लावून बसायचं, भरतीचं पाणी चढेल तसं ते सैल सोडायचं, ओहोटी लागली की ओढायचं. बटण क्षणभर आधी सोडलं तरी मासे निसटत. एवढा साधा खेळ, पण लोक वेडे झाले. ब्राझीलमधल्या पोरांनी तो आपल्या नद्यांवर नेला, कोरियात कोणी त्याला संगीत दिलं. संपदाचा वर्गमित्र सौमित्र दांडेकर याने त्यात एक गंमत घातली होती. तुम्ही खेळलेली प्रत्येक फेरी सर्व्हरवर जायची आणि जगातल्या कोणालाही ती उतरवून तिच्याशी स्पर्धा लावता यायची. फेरी म्हणजे तरी काय, कोणतं बटण कधी दाबलं आणि कधी सोडलं याची सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतची नोंद. दिगंबर वर्षानुवर्षं रोज खेळला आणि प्रत्येक फेरी त्याने अभिमानाने वर टाकली. बहिणीचा खेळ होता ना.

त्या हजाराव्या भागातच सगळं दडलेलं होतं. आपल्या मेंदूत खोलवर काही पेशी डोपामाइन नावाचं रसायन बनवतात. हालचाल कधी सुरू करायची आणि कधी थांबवायची, याचा ताल त्या रसायनावर चालतो. कंपवातात या पेशी मरत जातात, पण इतक्या सावकाश की पहिली थरथर दिसेपर्यंत निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. तोवर माणसाला काही जाणवत नाही. बोटांना मात्र जाणवतं. बटण दाबून सोडायला लागणारा वेळ निरोगी माणसात बऱ्यापैकी एकसारखा असतो. या माणसांत तो हळूहळू विस्कटतो. एका दिवसाच्या खेळात ते कोणालाच दिसायचं नाही. पण एकाच माणसाच्या सहा-सात वर्षांच्या फेऱ्या ओळीने लावल्या आणि त्या शिकवलेल्या यंत्रापुढे ठेवल्या, तर यंत्र आजार येण्याआधी त्याची वाट ओळखतं.

शोध चांगला होता. पुढे त्याचं जे केलं गेलं, ते नव्हतं. आणि करणाऱ्याचं नाव संपदाला फोटोच्या तळाशीच दिसलं होतं : ‘हस्तरेखा’, पुणे. सौमित्रची कंपनी.

दुसऱ्या दिवशी ती पुण्यात होती. सौमित्रने तिला काचेच्या खोलीत बसवलं, कॉफी मागवली. ती आली तेव्हा त्याला खरंच आनंद झाला होता, हेच तिला सहन होईना.

“माझ्या भावाला कामावरून उतरवलंय,” ती म्हणाली. “तुझ्या यंत्राने.”

 तो सावकाश म्हणाला, “खरी नावं आमच्यापर्यंत येत नाहीत, संपदा. गिऱ्हाईक खेळातलं नाव देतं, आम्ही आकडा देतो. पण एक विचार कर. त्याला आठ वर्षं आधी कळलं. लवकर औषध, लवकर व्यायाम...”

“त्याला नाही कळलं. त्याच्या मालकाला कळलं.”

“तो कंपनीचा निर्णय. आम्ही फक्त...”

“तू दादाच्या घरी राहिलायस, सौमित्र. सबमिशनच्या वेळी महिनाभर. वहिनीच्या हातचं जेवलायस. त्याच्या फेऱ्या तू ओळखत नव्हतास? त्याचं खेळातलं नाव ‘मिऱ्या’ असायचं, तुला ठाऊक होतं.”

“तसे लाखो लोक होते त्यात.”

“कोणाला विचारलंस? लाखांतल्या एकाला तरी?”

आता सौमित्रही चिडला. त्याने टॅबवर काहीतरी उघडून तिच्यापुढे सरकवलं. “हे कोणी लिहिलंय? ‘कोणीही, कोणत्याही कामासाठी, न विचारता.’ ‘भरती’चा परवाना आहे हा. वाक्य तुझं आहे. मी म्हणत होतो, वकिलाला दाखवू. तू म्हणालीस, आपल्यात वकील कशाला.”

“ते खेळासाठी होतं. माणसांसाठी नव्हतं.”

“कागदावर तसं लिहिलेलं नाही.”

ती उठली. कॉफी तशीच राहिली. जिना उतरताना तिचे हात थरथरत होते, आणि तिच्या मनात आलं, या क्षणी माझ्या हातात मूठ असती तर यांच्या यंत्राने माझ्याबद्दल काय लिहिलं असतं? रागाचा रकाना असेल का त्यात?

कोल्हापूरच्या डॉक्टर शिरगुप्प्यांनी दिगंबरला दोन वेळा बोलावून तपासलं. मेंदूचा स्कॅन केला. यंत्राचं म्हणणं खोटं नव्हतं. सुरुवात होती, अगदी सुरुवात.

“पण हे काम करू शकतील ना?” दिगंबरच्या बायकोने, करुणावहिनींनी विचारलं. त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलत होत्या.

“आज यांचे हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत,” डॉक्टर म्हणाले. “पुढची कितीतरी वर्षं राहतील. मी तसं लिहून देतो.”

कोस्टलिफ्टने ते लिहिलेलं ठेवून घेतलं आणि उत्तर पाठवलं, की जोखीम आज दिसत नसली तरी जोखीमच असते. युनियनच्या मदतीने दिगंबर कामगार लवादाकडे गेला. तिथे कंपनीने दोन मुद्दे मांडले. फेऱ्या सार्वजनिक होत्या, हा एक. आणि दुसरा असा, की यंत्र एकदा शिकलं की त्यातून एका माणसाची माहिती वेगळी काढणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे. मिठागरातून एका घागरीचं पाणी परत मागण्यासारखं आहे ते.

हे ऐकून संपदा दुकानात आली आणि तिने शटर अर्धं ओढून घेतलं. जगभरचे मूठवाले तिच्या हाकेला आले. शास्त्रज्ञांचे निबंध उघडे होते, फेऱ्या होत्याच. सगळ्यांनी मिळून महिन्याभरात हस्तरेखाच्या यंत्राचा जुळा भाऊ उभा केला. ते कसं शिकतं आणि त्यातून एक माणूस वगळता येतो का, हे तिला पाहायचं होतं. वगळता येत होता. त्या माणसाच्या फेऱ्या काढून यंत्र पुन्हा शिकवायचं, एवढंच. वेळ लागतो, वीज लागते, पण अशक्य काहीच नव्हतं.

यंत्र बरोबर चाललंय का हे बघायला तिने त्यात दिगंबरच्या फेऱ्या घातल्या. निकाल तोच आला. मग स्वतःच्या घातल्या. त्यात काही निघालं नाही. तिथे थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. तिने सौमित्रच्या फेऱ्या घातल्या. तो दिगंबरखालोखालचा खेळाडू, त्याच्याही सात वर्षांच्या फेऱ्या सर्व्हरवर होत्या. चाचणी म्हणून नव्हे, तर त्याच्या हातांत असं घुसायला कसं वाटतं ते बघायचं म्हणून, निव्वळ रागाने घातल्या.

पडद्यावर उत्तर आलं. दिगंबरचं आलं होतं तसंच.

संपदाला आनंद झाला. अगदी पोटातून. तो आनंद ओसरायला बराच वेळ लागला, आणि ओसरल्यावर तिला स्वतःची किळस आली.

तिने ते दिगंबरला सांगितलं. त्याच्यापासून लपवावं असं तिला वाटलं नाही. हा लढा त्याचा होता. दिगंबर ओट्यावर बसला होता. ऐकून तो उभा राहिला.

“टाक,” तो म्हणाला. “नावासकट टाक. साऱ्या जगाला कळू दे.”

“दादा...”

“माझं टाकलं ना त्यांनी? मी गेटवर उभा असतो, येणारा प्रत्येक ड्रायव्हर माझ्या हातांकडे बघतो. कप उचलला तरी बघतात. मी कोणाला चहा द्यायचं बंद केलंय. आता त्यालाही बघू दे लोक कसे बघतात ते.”

“मी नाही टाकणार.”

“का? मित्र म्हणून?”

“तो माझा कोणी नाही आता.”

“मग?”

 “मला जमणार नाही, दादा. एवढंच.”

“म्हणजे माझं गेलं ते गेलं आणि त्याचं झाकायचं!” दिगंबर इतक्या जोरात ओरडला, की शेजारचं दार उघडलं. करुणावहिनी आतून आल्या आणि त्याचा दंड धरून त्याला घरात घेऊन गेल्या. जाताना त्या संपदाकडे वळून म्हणाल्या, “त्या मुलाला ठाऊक आहे का गं?”

“नाही, वहिनी.”

“मग आधी त्याला सांग. बाकीचं नंतर बघू.”

सौमित्र लवादाच्या तारखेसाठी रत्नागिरीत आलेला होता. संपदाने त्याला मांडवीच्या जेट्टीवर बोलावलं. भर दुपार होती, जेट्टीवर दोन गळवाले सोडले तर कोणी नव्हतं. तो तडजोडीच्या तयारीने आला होता; काही आकडा मनात धरून. तिने त्याला बोलू दिलं नाही.

“तुझ्या यंत्रासारखंच यंत्र आम्ही बनवलं. मी त्यात तुझ्या फेऱ्या घातल्या,” ती म्हणाली. “न विचारता. तुझा निकाल दादासारखाच आहे.”

तो हसला. मग त्याला कळलं, की ही चेष्टा करत नाहीये. त्याने खिशातून हात बाहेर काढले आणि त्यांच्याकडे पाहिलं. सगळे तेच करतात.

“खात्री किती आहे?”

“पद्धत तुझीच आहे. खात्री तू सांग.”

त्याने मागे वळून गळवाल्यांकडे पाहिलं. “कोणाकोणाला माहीत आहे?”

“मला. दादाला. वहिनींना.”

“संपदा, प्लीज. हे बाहेर गेलं तर गुंतवणूकदार... आई आहे घरी. तिला मी अजून...” तो एक पाऊल जवळ आला. “कोणाला सांगू नकोस.”

“दादाला हे म्हणायचीसुद्धा सोय नव्हती,” संपदा म्हणाली. “लक्षात ठेव.”

तिला वाटलं होतं, आता तरी हा माणूस बदलेल. काहीतरी करेल. त्याने केलंही. आठवड्याभरात हस्तरेखाच्या त्या पानावर, जिथे आपल्या फेऱ्या वापरल्या गेल्यात का हे कायद्यानुसार कोणालाही तपासता येई, तिथे तिने सहज सौमित्रचं खेळातलं नाव टाकून पाहिलं. आधी ‘वापर झाला आहे’ असं यायचं. आता आलं : ‘या नावाची माहिती उपलब्ध नाही.’

लाखो माणसांतून त्याने एकाला सोडवलं होतं. स्वतःला.

संपदाने हातातला स्क्रूड्रायव्हर भिंतीवर फेकून मारला. मग ती खाली बसून रडली. रडूही रागाचंच होतं.

लवादाच्या अधिकारी नूरजहाँ पावसकर या शांत, थोड्या कंटाळलेल्या दिसणाऱ्या बाई होत्या. खोलीत पंख्याचा आवाज होता. एका बाजूला कंपनीचे वकील आणि त्यांच्याशेजारी तांत्रिक साक्षीदार म्हणून सौमित्र. दुसऱ्या बाजूला युनियनचा माणूस, दिगंबर आणि संपदा. संपदाने आपल्या यंत्रातून माणूस कसा वगळला ते दाखवलं.

वकील उठले. “मॅडम, हे दुकानात केलेलं खेळणं आहे. हस्तरेखाच्या यंत्रातून कोणालाही वगळलेलं नाही, वगळता येत नाही.”

“वगळलंय,” संपदा म्हणाली. “एका खेळाडूला. गेल्या महिन्यात.”

“कोणाला?” पावसकरबाईंनी विचारलं.

“नाव सांगणार नाही, मॅडम.”

“का?”

“नाव सांगितलं तर त्या माणसाचा आजार या खोलीत सगळ्यांना कळेल. असं कोणाचं होऊ नये म्हणूनच तर आम्ही इथे आलोय.”

“नाव नाही, म्हणजे पुरावा नाही,” वकील म्हणाले आणि बसले.

पावसकरबाई दिगंबरकडे वळल्या. “तुम्हाला ठाऊक आहे का ते नाव?”

“आहे.”

“तुमची नोकरी अडकलीय यात, मयेकर. सांगता का?”

दिगंबरने समोर पाहिलं. सौमित्रची मान खाली होती आणि त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले होते.  ओट्यावर ओरडणारा भाऊ संपदाला आठवत होता.

“नाही,” दिगंबर म्हणाला. “नाही सांगणार.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. कंटाळा त्यांच्या चेहऱ्यावरून गेला होता. “दांडेकर, तुम्ही शपथेवर आहात. नाव मी विचारत नाही. गेल्या महिन्यात तुमच्या यंत्रातून एखाद्या माणसाची माहिती काढली गेली का? होय किंवा नाही.”

वकील अर्धवट उठले. “मॅडम, हा प्रश्न...”

“बसा. दांडेकर?”

सौमित्रने टेबलाखालचे हात वर आणले.

“होय,” सौमित्र म्हणाला.

“म्हणजे काढता येते.”

“येते.”

वकिलांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती संपदाला पुढे कितीतरी दिवस पुरली.

निकाल पावसाळ्याच्या तोंडावर आला. कोस्टलिफ्टचा जो कामगार मागेल, त्याची माहिती हस्तरेखाने यंत्रातून काढून टाकावी. जी नोंद खेळण्यासाठी झाली, तिच्यावरून कोणाच्या नोकरीचा निर्णय करू नये. दिगंबर मयेकरला क्रेनवर परत घ्यावं आणि त्याच्या हातांबद्दल फक्त त्याच्या डॉक्टरने, त्यालाच सांगावं. हे सगळं या एका प्रकरणापुरतं होतं. हस्तरेखाने दुसऱ्या राज्यातल्या एका ट्रक कंपनीशी करार केला, हेही त्याच आठवड्यात कळलं. संपदाने फेऱ्यांचा सर्व्हर बंद करून टाकला आणि ‘भरती’ असा बदलला, की दाबल्या-सोडल्याची बारीक नोंद मुठीबाहेर जाणारच नाही. जगभरच्या खेळाडूंनी तिला शिव्या घातल्या. त्यांच्या जुन्या स्पर्धा, जुने विक्रम, वारलेल्या मित्रांच्या फेऱ्या, सगळं गेलं होतं. ती कोणाला उत्तर देत बसली नाही.

निकालाच्या दिवशी ती आणि दिगंबर लवादाचा जिना उतरत असताना सौमित्र मागून आला. तो वाळला होता. कंपनी त्याने सोडली होती की त्याला काढलं होतं, ते तिने विचारलं नाही.

“दिगूदादा,” तो म्हणाला. “तुम्ही त्या दिवशी नाव घेतलं नाहीत. मला आभार...”

“आभार मानू नकोस,” दिगंबरने त्याला मध्येच तोडलं. “तुझ्यासाठी नाही केलं मी ते. तुझ्यावर माझा इतका राग आहे ना, की तू पुढे उभा आहेस तेही सोसवत नाही.”

सौमित्र एक पायरी मागे सरला. संपदाला वाटलं, दादा आता पुढे जाईल. पण दिगंबर तिथेच उभा राहिला, कठड्याला धरून.

“डॉक्टरकडे गेलास?”

“नाही.”

“का?”

“भीती वाटते.”

“वाटणारच.”  दिगंबर रस्त्याकडे बघत, त्याच चिडक्या आवाजात म्हणाला, “कोल्हापूरला शिरगुप्पे म्हणून आहेत. गुरुवारी बसतात. आधी नंबर लावावा लागतो, आणि पहिल्या वेळी एकटा जाऊ नकोस, आईला बरोबर ने.”

आणि त्याच्या उत्तरासाठी न थांबता तो खाली उतरला.